बगळा कोरलेली अंगठी

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही, आणि ते जावे अशी माझी इच्छाही नाही. इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी भेटले की मला बाजूला घेऊन म्हणतात, "साहेब, ते अंगठीचं आता जुनं झालं. कशाला उकरून काढता?" ज्यांना एखादी गोष्ट दडपायची असते त्यांच्याच दृष्टीने ती लवकर जुनी होते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. म्हणून मी ती मुद्दाम उकरून काढतो आहे. नावे कोणाचीच देणार नाही. ज्यांना स्वतःला ओळखायचे ते ओळखतील.

सिंगापूरच्या पोलिसांत मराठी माणूस म्हटले की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना गंमत वाटते. वडील बोटीवरच्या नोकरीमुळे इथे आले आणि राहिले. मी तोआ पायोहच्या सरकारी फ्लॅटमध्ये वाढलो, चिनी आणि मलाय पोरांबरोबर खेळलो, आणि घरात इंग्रजी बोललो तर आई ताट पुढे सरकवत नसे म्हणून मराठी शिकलो. पुढे पोलिसांत भरती झालो आणि तपास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. शेवटची वर्षे पूर्वेकडच्या एका ठाण्यात गेली. तिथे खून-दरोडे जवळपास नाहीतच. सायकली, मोबाईल, शेजाऱ्यांची भांडणे, ऑनलाइन फसवणूक हीच आमची रोजची भाजी-भाकरी. पण माणूस ओळखायला खूनच लागतो असे नाही. हरवलेल्या सायकलीवरूनही तो पुरेसा ओळखता येतो.

एका सकाळी मरीन परेडमधल्या एका कॉन्डोतून, म्हणजे खासगी गृहसंकुलातून, फोन आला. घरातून मौल्यवान अंगठी चोरीला गेली होती. फोन करणाऱ्या बाई मराठी होत्या, म्हणून ड्यूटीवरच्या साहेबांनी ते प्रकरण माझ्याकडे दिले. मी म्हणालो, "हे लोक माझ्याच भाषेचे आहेत. मी त्यांना ओळखत नाही, पण उद्या कोणी बोट दाखवायला नको." साहेब चिनी, मोकळ्या स्वभावाचे, वाक्यागणिक इथला 'लाह' जोडणारे. ते म्हणाले, "मग तर बरंच आहे, लाह. ते काय कुजबुजतात ते तरी तुला कळेल."

घरात गृहस्थ, त्यांची पत्नी आणि एक भाडेकरू मुलगी अशी तीनच माणसे राहत. गृहस्थ बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मुले परदेशी, म्हणून एक खोली भाड्याने दिलेली. इथे तशी पद्धतच आहे. देशातून नव्याने नोकरीला आलेली मुले-मुली शक्यतो मराठी घरात खोली शोधतात, आणि घरवाल्यांनाही 'आपलं माणूस' हवे असते. आपले माणूस असले की भाडेकरारात नसलेल्या बऱ्याच गोष्टी गृहीत धरता येतात. ही मुलगी नाशिकची, एका कंपनीत अकाउंटंट. गृहस्थांना काका आणि बाईंना काकू म्हणायची, काकूंना पोळ्या लाटू लागायची, आणि काकूंच्या गुडघ्यांच्या औषधाची वेळही तीच लक्षात ठेवायची.

आता अंगठीविषयी. ती सोन्याची होती, पण मोल सोन्याचे नव्हते. तिच्यात बोराएवढा तांबूस अकीक बसवलेला होता आणि त्या खड्यावर एक बगळा कोरलेला होता. एक पाय उचलून, मान वाकवून उभा. काका सांगत की हा खडा दोन हजार वर्षांहून जुना, ग्रीक कारागिराने कोरलेला. त्या काळी ग्रीक श्रीमंत अशी अंगठी बोटात घालत आणि पत्रावर, तेलाच्या बुधल्यांवर मेण किंवा माती लावून तिचा ठसा उठवत. म्हणजे अंगठी ही त्या माणसाची सही. काकांनी ती बऱ्याच वर्षांपूर्वी युरोपात एका खासगी विक्रेत्याकडून घेतली होती. एका जाडजूड जुन्या ग्रंथात तिचे चित्रही होते, आणि तो ग्रंथ काकांच्या दिवाणखान्यात घरच्या देवासारखा मांडलेला असे. येईल त्याला काका आधी ग्रंथातले पान दाखवत, मग अंगठी त्याच्या शेजारी धरत. "बघा. मान, चोच, उचललेला पाय. हुबेहूब!" पाहुणे माना डोलावत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात या अंगठीवर काकांची भाषणेही झाली होती.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होते. पण दिवाळीच्या फराळाला या घरात एक खास पदार्थ असे. काकू घरी पेढे करत आणि काका एकेका पेढ्यावर त्या अंगठीचा ठसा उठवत. पेढ्यावर ठसा उठवायची आपली पद्धत जुनीच, फक्त हलवायाच्या साच्याच्या जागी ग्रीकांचा बगळा. काकू अंगठी आधी गरम पाण्यात चांगली धुऊन घेत, हे त्यांनी मला स्वतःहून सांगितले. दोन हजार वर्षांचा मळ पाहुण्यांच्या पोटात जाऊ नये ही काळजी रास्तच होती.

त्या वर्षी दिवाळी झाली, पेढे झाले, आणि पुढच्या आठवड्यात काकूंनी कपाट आवरताना डबी उघडली तर ती रिकामी. काका तेव्हा समुद्राकाठी फिरायला गेले होते. काकूंनी घाबरून सरळ पोलिसांना फोन केला. काका परतले तेव्हा मी त्यांच्या सोफ्यावर बसून काकूंचा जबाब लिहीत होतो. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. अंगठी गेलेल्या माणसाचा चेहरा पडणारच, म्हणून मी त्याची फारशी दखल घेतली नाही.

दार-खिडक्या शाबूत होत्या. कपाटाचे कुलूप फोडलेले नव्हते. किल्ली नेहमीच्या जागी, देवघराच्या खणात. आपल्या घरांतल्या किल्ल्या देवघराच्या खणातच असतात, आणि हे कोणाला ठाऊक नाही असे आपल्याला वाटते, चोराला मात्र ते ठाऊक असते. मी काकांना विचारले, "तुमचा कोणावर संशय?"

"नाही," काका म्हणाले. "मी कोणाचं नाव घेणार नाही. तो माझा स्वभाव नाही." मग चष्मा पुसला. "पण घरात बाहेरचं माणूस एकच आहे. यापुढं तुम्ही सुज्ञ आहात."

नाव न घेता नाव घेणारी माणसे मी फार पाहिली आहेत. ती उघड आरोप करणाऱ्यांपेक्षा जास्त नुकसान करतात, आणि रात्री त्यांना झोपही चांगली लागते.

मुलीच्या खोलीची झडती घेतली. काही मिळाले नाही. तिने स्वतः सुटकेस उपडी करून दाखवली. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात एक खबर आली. फोन करणाऱ्याने नाव सांगितले नाही, पण इंग्रजी बोलण्याची ढब अस्सल आपली. ती मुलगी दिवाळीनंतर लिटल इंडियातल्या एका सोनाराच्या दुकानात दिसली होती, आणि ओळखीचे माणूस दिसताच तोंड फिरवून निघून गेली होती. खबर देणारा फराळाला आलेल्यांपैकीच असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मी मुलीला ठाण्यात बोलावले. आमच्याकडे चौकशीची खोली साधी असते. टेबल, खुर्च्या, अंगात भरेल इतका एसी. मुलगी आत आली ती ताठ. बसण्यापूर्वी म्हणाली, "सर, मी खरं तेच सांगेन. पण सगळं सांगेन असं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चोरीबद्दल विचाराल ते सांगेन. बाकी माझं खासगी आहे."

"सोनाराकडे कशाला गेला होतात?"

"ते खासगी आहे."

"अंगठी चोरीला गेली आहे आणि तुम्ही सोनाराकडे जाता. हे खासगी कसं?"

"माझ्या कामाला गेले होते. काकांच्या अंगठीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुम्हाला पटत नसेल तर शोधा. शोधणं तुमचं काम आहे, सर."

रागवावे की शाबासकी द्यावी, कळेना. घाबरलेला संशयित जास्त बोलतो. निर्ढावलेला गोड बोलतो. ही दोन्हींत बसत नव्हती. नियमाप्रमाणे तिचा पासपोर्ट ठेवून घेतला आणि तिला जाऊ दिले.

ती घरी पोचेपर्यंत काकूंनी तिचे सामान दाराशी आणून ठेवले होते. आणि त्याच संध्याकाळी मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो पडला. खाली काकूंनी लिहिले होते, 'या मुलीला खोली देताना सावध राहा. आमच्या घरी चोरी झाली आहे. पोलीस तपास चालू आहे.' तो निरोप बघता बघता इथल्या सगळ्या मराठी घरांत फिरला. तिच्या कंपनीतही दोन मराठी माणसे होतीच, म्हणजे तिथेही पोचला. वरिष्ठांनी तिला बोलावून विचारले की हे काय प्रकरण आहे. इथे परदेशी माणसाची नोकरी गेली की राहण्याचा पासही जातो आणि पास गेला की विमान पकडावे लागते. ती बेडोकमध्ये एका मलाय बाईकडे खोली घेऊन राहिली. मराठी घर तिला मिळालेच नाही.

मी सोनाराकडे गेलो. तमिळ माणूस, धंदा वडिलोपार्जित. फोटो पाहून त्याने लगेच ओळखले. ती दोन साध्या अंगठ्या करायला टाकून गेली होती. एक बाईच्या मापाची, एक पुरुषाच्या. जुनी अंगठी तिने दाखवली नव्हती की विकली नव्हती. दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले, ते तंतोतंत जुळले. मला काय ते कळले. दुसऱ्या वेळी ती आली तेव्हा मी एवढेच म्हणालो, "सोनाराचं मला समजलं. ते माझ्या तोंडून कुठं जाणार नाही."

तिचा चेहरा पहिल्यांदा मऊ झाला. मग तिनेच सांगितले. ऑफिसातल्या एका चिनी मुलाशी ती लग्न करणार होती. नाशिकला अजून सांगितले नव्हते. "आईला मीच सांगणार आहे, सर. माझ्या तोंडून. ग्रुपवरून तिला कळता कामा नये. म्हणून गप्प राहिले."

"एका वाक्यात सुटला असतात की."

"आईला फसवून सुटले असते," ती म्हणाली.

आता माझ्याकडे पुरावा काहीच उरला नव्हता. इतर पाहुण्यांचे जबाब झाले, गहाणवटीच्या दुकानांना वर्णन गेले, हाती शून्य. दरम्यान मंडळातले एक ज्येष्ठ मला भेटायला आले. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यावर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजून म्हणाले, "साहेब, तुम्ही आपलेच आहात. पोरीला समजावा. गुपचूप अंगठी परत दे, आम्ही फिर्याद मागं घेतो. घरातलं घरात मिटेल." मी विचारले, "आणि तिनं घेतलीच नसेल तर?" ते म्हणाले, "मग तिचं काय जाणार आहे? दोन शब्द माफीचे बोलायचे, लहान आहे ती." कोपीचे पैसे मी माझे दिले आणि उठलो.

साहेबांनी फाइल पाहिली आणि तपास थांबवायचे ठरवले. संशयिताविरुद्ध पुरावा नाही, पुढील कारवाई नाही. नियमाने ते बरोबरच होते. मी मुलीला बोलावून तिचा पासपोर्ट टेबलावर ठेवला. "सुटलात तुम्ही."

तिने तो उचलला नाही. "कागदावर काय लिहिलंय?"

"पुरावा नाही म्हणून कारवाई नाही."

"म्हणजे चोर असेन, पण सापडले नाही."

"तसा अर्थ नाही होत."

"कायद्यात नसेल. ग्रुपवर तोच होतो." तिने पासपोर्ट बोटाने माझ्याकडे सरकवला. "राहू दे तुमच्याकडं. मी चोरी केली नाही असं जोवर कोणी म्हणत नाही तोवर मला तो नको."

"अहो, पोलीस ठाणं म्हणजे काय सामान ठेवायची खोली आहे?"

"आहे की. माझं नाव इथंच पडलंय ना? मग पासपोर्टही पडू दे."

नोकरीत मी लोकांना पासपोर्टसाठी रडताना पाहिले होते, पाया पडताना पाहिले होते. पासपोर्ट नको म्हणणारी ही एकटी. ती गेल्यावर मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "फाइल थोडे दिवस उघडी ठेवा." ते म्हणाले, "कशाच्या आधारावर?" मी म्हणालो, "माझ्या हट्टाच्या." ते हसले, आणि ठेवली. चांगले साहेब नशिबाने मिळतात.

चोरीच्या मालाचे वर्णन तज्ज्ञांकडे पाठवणे हा आमचा नेहमीचा क्रम. असा माल कुठे विकला जाऊ शकतो हे विचारायला मी एका संग्रहालयातल्या जाणकार बाईंना ग्रंथातल्या त्या पानाचा फोटो आणि काकूंच्या मोबाईलमधले पेढ्यांचे फोटो पाठवले होते. त्या बाई युरोपात शिकलेल्या, बोलायला चटपटीत. त्यांचा फोन आला तो आधी पेढ्यांवरून. प्राचीन खडा खाण्याच्या पदार्थात दाबतात हे ऐकून त्यांना घाम फुटला होता. मग म्हणाल्या, "ग्रंथातलं चित्र फार स्वच्छ आहे. पण ते तर ठशाचं आहे. खुद्द खड्याचा फोटो नाही का तुमच्याकडे?"

मी विचारले, "ठशाचं म्हणजे?"

त्यांनी समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. खड्यात चित्र आत खोल कोरलेले असते. खडा चमकतो, फोटोत ते कोरीव काम नीट दिसत नाही. म्हणून अभ्यासक खडा पांढऱ्या प्लास्टरमध्ये दाबतात आणि त्या उठलेल्या ठशाचा फोटो पुस्तकात छापतात. त्यांच्या विद्येत हा साधा रिवाज आहे, कोणी मुद्दाम सांगतही नाही. मी पान पुन्हा पाहिले. खरेच, बगळा खडूसारखा पांढरा होता आणि उठावदार होता. इतकी वर्षे सगळ्यांनी तो पाहिला, मीही पाहिला, आणि जुन्या पुस्तकात रंग नसतोच म्हणून कोणी विचार केला नाही.

माझ्या टेबलावर ठाण्याचा रबरी शिक्का होता. दिवसातून कितीदा मारत असेन. मी तो उलटा करून अक्षरांकडे पाहत बसलो. शिक्क्यावर अक्षरे उलटी, कागदावर सुलटी. मग फाइलमधला काकांचा जबाब काढला. अंगठीच्या वर्णनात त्यांनी नेहमीच्या सवयीने सांगितले होते की खड्यावर बगळ्याचे तोंड उजवीकडे, अगदी ग्रंथातल्याप्रमाणे. पेढ्यांच्या फोटोत बगळे डावीकडे पाहत होते, म्हणजे खड्यावर तोंड उजवीकडेच, जबाब बरोबर. पण ग्रंथातले चित्र ठशाचे असेल, तर खऱ्या खड्याचा ठसा ग्रंथासारखा, उजवीकडे तोंड केलेला यायला हवा. इथे ठसा उलटा येत होता आणि खडा ग्रंथासारखा होता. कोणीतरी ग्रंथातले पान समोर ठेवून ते जसेच्या तसे दगडावर कोरले होते. खोटे काम करणारा कारागीर ठशालाच खडा समजला होता.

मी बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "हुबेहूब आहे ना? मग खोटी आहे."

आता प्रश्न उलटा झाला. खोटी अंगठी नाहीशी झाल्याने कोणाची सोय होते?

मी काकांना ठाण्यात बोलावले. ते काकूंना घेऊन आले. काकूंना मी बाहेर बाकावर बसवले. काकांशी चोरीचा विषयच काढला नाही. म्हणालो, "मला अंगठी कळत नाही. ग्रीक कारागीर कोरायचे कसे, जरा सांगा." बोलायला आवडणाऱ्या माणसाला प्रश्नांची सरबत्ती करू नये, व्याख्यान द्यायला लावावे. काका खुलले. छोटी हत्यारे, दगडाची भुकटी आणि तेल, महिनोन् महिने चालणारे काम. "आणि कौशल्य कशात आहे सांगू का? सगळं उलटं कोरायचं. म्हणजे ठसा सुलटा..." एवढे बोलून ते थांबले.

मी ग्रंथातल्या पानाचा फोटो आणि पेढ्यांचा फोटो शेजारी ठेवले. काकांनी खाली पाहिलेच नाही. त्यांना पाहायची गरज नव्हती.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारले.

दिवाळीनंतर, ते म्हणाले. मंडळाच्या कार्यक्रमासाठी परदेशातून एक अभ्यासक येणार होते. सचिवांनी हौसेने त्यांना अंगठीची माहिती पाठवली. त्यांचे सभ्य उत्तर आले, त्यात एकच प्रश्न होता. खड्यावर पक्ष्याचे तोंड कोणत्या बाजूला आहे? काकांनी आधी अभिमानाने उत्तर लिहायला घेतले आणि लिहिता लिहिता ग्रंथातला पांढरा बगळा ठशाचा आहे हे लक्षात येऊन त्यांना सगळे समजले. आयुष्यभर ज्या पानाशी अंगठी जुळते म्हणून मिरवले, ते जुळणेच घात करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना त्यांनी अंगठी खिशात घातली आणि बेडोकच्या जेटीवरून समुद्रात फेकून दिली. हरवली असे काही दिवसांनी सांगायचे ठरवले होते. पण काकूंनी त्याआधीच डबी उघडली.

"मी घरी आलो तेव्हा तुम्ही बसला होतात," ते म्हणाले. "काय सांगणार होतो?"

"खरं."

"अंगठी माझी होती." त्यांनी मान वर केली. बँकेतला जुना हुद्दा आवाजात आला. "माझ्या वस्तूचं मी काय वाटेल ते करीन. त्यात गुन्हा कुठला?"

"काही नाही. समुद्रात फेका, नाहीतर कुटून चाटण करा. पण चोरी झाली असं सांगून दुसऱ्याच्या पोरीचं नाव समुद्रात फेकता येत नाही. तो गुन्हा आहे."

"मी तिचं नाव घेतलं नाही."

"घेतलं नाही. तेवढी हिंमतही केली नाहीत."

मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. माणसाची फसगत होते, त्यात लाज नाही. खोटी अंगठी कोणाच्याही बोटात येऊ शकते. त्यांनी मंडळात उभे राहून 'मी फसलो' म्हटले असते तर लोक चार दिवस हसले असते आणि पाचव्या दिवशी विसरले असते. ते हसू टाळण्यासाठी त्यांनी एका मुलीला घराबाहेर जाताना पाहिले, तिचा फोटो ग्रुपवर फिरताना पाहिला, आणि चष्मा पुसत बसले. पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल त्यांच्यावर रीतसर कारवाई झाली. तिचा तपशील इथे देत नाही.

मी मुलीला फोन करून बोलावले. ती ऑफिसातून सरळ आली. तोवर काकूंना काकांनीच सगळे सांगितले होते. मुलगी दिसताच काकू उठल्या आणि तिचा हात धरून रडायला लागल्या.

काका म्हणाले, "झालं ते झालं, बाळ. माझं चुकलं. तुझी खोली तशीच आहे, आजच परत ये. मोठ्या मनानं विसरून जा."

मुलीने हात सोडवून घेतला नाही, पण आवाजही मऊ केला नाही. "खोली नको, काका. माझा फोटो जिथं टाकलात तिथं लिहा. त्याच ग्रुपवर. माझ्या नावानिशी."

"लिहू ना," काका घाईने म्हणाले आणि काकूंकडे वळले. "अगं, लिही. गैरसमज झाला होता, आता मिटला, असं लिही. जास्त तपशील कशाला?"

काकूंनी पर्समधून मोबाईल काढला. चष्मा लावला. त्या हळूहळू, एका बोटाने टाईप करतात. काका त्यांच्या खांद्यावरून वाचायला वाकले तसे त्या म्हणाल्या, "बाजूला व्हा. गैरसमज माझा झाला होता. तुमचा नव्हता." आणि लिहून झाल्यावर त्यांनी तो फोन पाठवण्याआधी मुलीच्या हातात दिला.

त्यावर लिहिले होते: 'आमच्या घरी चोरी झालीच नव्हती. अंगठी खोटी होती, ती यांनी स्वतः समुद्रात टाकली आणि लपवले. मुलीचा काही दोष नाही. मी तिचा फोटो टाकला, तिला घराबाहेर काढले. ज्यांनी तो निरोप पुढे पाठवला त्यांनी हाही पाठवावा.'

मुलीने वाचले, आणि पाठवायचे बटण स्वतःच्या बोटाने दाबले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता द्या पासपोर्ट."

या प्रकरणाने मला जे शिकवले ते पोलीस प्रशिक्षणात शिकवत नाहीत. ठाण्यात सर्वांत जास्त उच्चारला जाणारा शब्द 'चोर' नसतो, 'मिटवा' असतो. आणि मिटवायला नेहमी त्यालाच सांगतात ज्याच्यावर अन्याय झालेला असतो, कारण तो लहान असतो, एकटा असतो, किंवा बाई असते. ज्याने केले त्याच्याकडे कोणी मोठे मन मागत नाही. पुरावा नाही म्हणून सुटणे आणि निर्दोष असणे यांत फरक आहे, हे मला कायद्याने माहीत होते. तो फरक जगणाऱ्या माणसाला किती महागात पडतो, आणि त्यासाठी हट्ट धरायला काय छाती लागते, हे त्या मुलीने दाखवले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कोणाही फिर्यादीला वा संशयिताला 'सोडून द्या हो' असे म्हटले नाही.

त्या दिवशी मी तिला ठाण्याच्या दारापर्यंत सोडायला गेलो. तिचा मोबाईल थांबत नव्हता. ग्रुपवरच्या बायकांचे निरोप येत होते, सॉरीचे, फुलांचे, हात जोडलेले. खोली देऊ असेही दोघी-तिघींनी लिहिले होते. मी सवयीने बोलून गेलो, "चला, आता सगळ्यांना माफ करून टाका."

ती पायरीवर थांबली. "ते मी ठरवीन, सर," ती म्हणाली. "एवढं तरी माझ्यावर सोडा."

आणि फोन बंद करून ती एमआरटी स्टेशनाकडे चालू लागली.